जवळचा रस्ता, प्रकाशाचा कंप्यूटर आणि अर्धशिशी: वाचकांचे प्रश्न

यावेळी चार पत्रं घेतलीयेत. पहिलं आणि तिसरं जरा सविस्तर, कारण दोन्हींत घरातलं माणूस गुंतलंय आणि नुसतं हो-नाही सांगून भागणार नाही.

प्रश्न: ताई, मुलगा इथेच इंदूरात इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे, प्रोजेक्ट घेतलाय पाथ प्लॅनिंगचा. चार चाकांचा छोटा रोबो आहे, त्याने खोलीतल्या खुर्च्या-टेबलं चुकवत दारापर्यंत जायचं, बास. त्यासाठी हा रात्री दोन-दोन वाजेपर्यंत जागतो. रस्ता शोधण्यात एवढं संशोधन काय असतं हो, मोबाईल तर दोन सेकंदांत दाखवतो. आणि तोच मोबाईल ह्यांना बडा गणपतीहून पलासियाला जाताना राजवाड्याचा सरळ रस्ता सोडून लांबून का नेतो? (रामबागेतली एक आई)

उत्तर: ताई, तुमचा दुसरा प्रश्न आधी घेते, त्यातूनच पहिल्याचं उत्तर निघतं. मोबाईलला किलोमीटर कमी करायचेच नसतात, त्याला मिनिटं कमी करायची असतात. राजवाड्यावरून अंतर कमी आहे हे त्यालाही माहितीये, पण संध्याकाळी सात वाजता तिथे ई-रिक्षा, टू-व्हीलर आणि खरेदीची गर्दी मिळून गाडी मुंगीच्या चालीनं जाते हेही त्याला कळतं, कारण त्याच रस्त्यावरच्या शेकडो मोबाईलचा स्पीड त्याच्याकडे पोचत असतो.

आता तो शोधतो कसा. यामागची मूळ पद्धत एड्सगर डायक्स्ट्रा नावाच्या डच माणसाची. १९५६ मधे ॲमस्टरडॅमला होणाऱ्या बायकोबरोबर खरेदी करून दमल्यावर कॉफी प्यायला बसला आणि कागद-पेन्सिल न घेता वीसेक मिनिटांत ही डोक्यात जुळवली, छापली मात्र १९५९ मधे. तेव्हा एका नव्या कंप्यूटरचं प्रात्यक्षिक लोकांना दाखवायचं होतं म्हणून हॉलंडमधली ६४ शहरं घेऊन त्याने ती चालवून दाखवली. तुम्ही घरी कागदावर करून बघू शकता, खरंच करा, मुलाबरोबर बसून करा. बडा गणपतीवर शून्य लिहा. तिथून ज्या ज्या चौराह्यावर थेट जाता येतं तिथे पोचायला लागणारी मिनिटं लिहा, हे आकडे अजून कच्चे. आता त्यातला सगळ्यात लहान आकडा पक्का करा. तो पक्का का, तर दुसऱ्या कुठल्याही वाटेनं त्या चौराह्याला आलात तरी आधी त्याच्याएवढ्या किंवा मोठ्या आकड्याच्या चौराह्यातूनच यावं लागणार, मग त्याहून लवकर पोचणार कसे? मग त्या पक्क्या चौराह्याचे शेजारी बघायचे, तिथून गेल्यावर कोणाचा आकडा कमी होत असेल तर जुना खोडून नवा लिहायचा, पुन्हा सगळ्यात लहान पक्का, पुन्हा शेजारी, असं करत करत पलासियाचा आकडा पक्का झाला की थांबायचं. एवढंच आहे. अट एकच, कुठल्याही तुकड्याची मिनिटं शून्याखाली जायला नकोत, आणि ती रस्त्यावर जातच नाहीत.

ह्या पद्धतीचा दोष असा की ती चारही दिशांना सारखी पसरते. पलासिया पूर्वेला आहे, तरी ती तिकडे एअरपोर्ट रोडचे चौराहेही तपासत बसते. १९६८ मधे अमेरिकेत हार्ट, निल्सन आणि राफाएल या तिघांनी यावर उपाय काढला, शेकी नावाच्या रोबोच्या कामातून तो निघाला, त्याला ए-स्टार म्हणतात. प्रत्येक चौराह्याच्या आकड्यात एक अंदाज मिळवायचा, इथून पलासिया सरळ रेषेत किती दूर आणि जास्तीत जास्त स्पीडनं गेलो तर किती मिनिटं. मग एअरपोर्टकडचे चौराहे आपोआप मागे पडतात. अंदाज खऱ्यापेक्षा कमी निघाला तरी चालतो, जास्त निघाला की मात्र चांगला रस्ता हातचा जाऊ शकतो. आपल्या मुलाला हा मुद्दा विचारून बघा, नीट सांगता आला तर प्रोजेक्टचा अर्धा व्हायवा झाला म्हणून समजा.

आणि रस्ते काही गप्प बसत नाहीत. रंगपंचमीला गेर, म्हणजे रंग उडवत जाणारी मिरवणूक, निघाली की राजवाड्याच्या आसपासचा नकाशाच बदलतो, सकाळी मोकळा असलेला रस्ता दुपारी बंद. दर वेळी सगळं पहिल्यापासून मोजायचं की फक्त बदललेला भाग दुरुस्त करायचा, यावर अँथनी स्टेंट्झनी १९९४ मधे डी-स्टार नावाची पद्धत दिली, ती मुळात अशा रोबोंसाठी ज्यांना पुढे काय आहे हे चालता चालताच कळतं.

आता तुमच्या मुलाचा रोबो. शहरात चौराहे ठरलेले असतात, खोलीत चौराहेच नसतात, रोबो कुठेही उभा राहू शकतो, कुठल्याही कोनात वळू शकतो, म्हणजे तपासायच्या जागा अगणित. १९८६ मधे उसामा खातिब यांनी मांडलेली एक सुंदर कल्पना अशी की दाराने रोबोला ओढायचं आणि प्रत्येक खुर्चीने त्याला ढकलायचं, ओढ आणि ढकल मिळून जिकडे जोर जास्त तिकडे तो चालतो. गणित हलकं, चाल गुळगुळीत. पण दोन खुर्च्या आणि टेबल मिळून इंग्रजी यू सारखा कोनाडा झाला ना, की रोबो आत शिरतो, दार पुढे ओढतं, खुर्च्या मागे ढकलतात, दोन्ही जोर सारखे, आणि तिथेच थरथरत उभा राहतो. रात्री दोनला तुमचा मुलगा बहुतेक यालाच झगडत असेल. त्याला म्हणावं १९९८ ची स्टीव्हन लाव्हॅल यांची पद्धत बघ, आरआरटी. खोलीत आडाखा न बांधता कुठेही एक बिंदू निवडायचा, आतापर्यंतच्या वाटेचं सगळ्यात जवळचं टोक त्या दिशेने थोडंसं वाढवायचं, मधे खुर्ची आली तर सोडून द्यायचं, पुन्हा नवा बिंदू. पाहता पाहता फांद्या साऱ्या खोलीभर पसरतात आणि एक दाराला लागते. रस्ता मिळतो पण वेडावाकडा, तो सरळ होत होत सगळ्यात चांगल्याकडे जाईल अशी सुधारणा करामन आणि फ्राझोली यांनी २०११ मधे केली.

आणि एक गोष्ट मला या विषयात फार महत्त्वाची वाटते. खुर्च्या मधे असतील तर सगळ्यात जवळचा रस्ता नेहमी त्यांच्या कोपऱ्यांना घासूनच जातो, ते गणितानेच तसं आहे. चाक जरा घसरलं की धडक. म्हणून अंतराबरोबर खुर्चीपासून किती लांब राहिलो हेही मोजायला लागतं, थोडा लांबचा पण सुरक्षित रस्ता. ह्या दोन्हींत कशाला किती वजन द्यायचं हे कुठलीच पद्धत स्वतः ठरवत नाही, ते माणसाने ठरवायचं. बॉक्स घेऊन पळणाऱ्या गोदामातल्या रोबोला एक उत्तर, हॉस्पिटलमधे पेशंटच्या बाजूने जाणाऱ्याला दुसरं. म्हणून जागू द्या त्याला, वाया नाही जातेय ती रात्र. जेवायला मात्र वेळेवर उठवा.

प्रश्न: मी अकरावीत आहे, कॅट रोडला राहतो. प्रकाश सगळ्यात वेगवान, मग विजेऐवजी प्रकाशावर चालणारा कंप्यूटर लाखो पट फास्ट होईल ना? आणि आमच्या शेजारी कॅटमधे एवढे लेझर आहेत तर तिथे असा कंप्यूटर आहे का? (एक विद्यार्थी)

उत्तर: कॅट, म्हणजे राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्र, १९८४ पासून आपल्या इंदूरात आहे आणि त्याचं मुख्य काम लेझर आणि ॲक्सेलरेटर, म्हणजे कणांना प्रचंड वेग देणारी यंत्रं. तिथलं इंडस-२ हे यंत्र इलेक्ट्रॉन गोल फिरवून २.५ अब्ज इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जेपर्यंत नेतं, त्यातून जो झगझगीत प्रकाश आणि एक्स-रे बाहेर पडतात त्याने वेगवेगळे पदार्थ आतून कसे आहेत ते बघतात. तो प्रकाश हिशेब करायला नाही, बघायला वापरतात. खुला दिवस असेल तेव्हा शाळेकडून नक्की जा.

आता वेगाचं. इथे बहुतेक सगळे फसतात. तारेतून जाणारा विजेचा सिग्नलही काही हळू नसतो, प्रकाशाच्या वेगाच्या निम्म्याच्या वर असतो, आणि काचेच्या फायबरमधे प्रकाश स्वतःच सेकंदाला ३ लाख किलोमीटरवरून २ लाखांवर येतो. म्हणजे धावण्याच्या शर्यतीत प्रकाश लाखो पट वगैरे काही पुढे नाही. मग त्याच्यामागे लोक का लागलेत? एकतर तारेत सिग्नल पाठवताना दर वेळी ती तार चार्ज करावी लागते, त्यात वीज जाते आणि चिप तापते, प्रकाशाला तो खर्च नाही. दुसरं, एकाच वाटेतून वेगवेगळ्या रंगांचे सिग्नल एकमेकांना धक्का न लावता जातात. आणि तिसरं सगळ्यात मजेदार, प्रकाश नुसता आरपार गेला तरी गणित होऊन जातं. साध्या भिंगासमोर चित्र ठेवून लेझर सोडला की भिंगाच्या फोकसवर त्या चित्राचं फूरिये रूपांतर, म्हणजे चित्र कुठल्या कुठल्या लाटा मिळून बनलंय त्याचा हिशेब, तयार होतं, जे कंप्यूटरला एकेक गुणाकार करत काढावं लागतं. १९५० च्या दशकात मिशिगनला विमानातल्या रडारच्या फिल्मवरून जमिनीचं चित्र भिंगांनीच काढत होते, त्या वेळच्या कंप्यूटरला ते झेपलंच नसतं.

आजकाल एआयमुळे हा विषय पुन्हा तापलाय, कारण एआयमधे मुख्य काम गुणाकार-बेरजांचंच. २०१७ मधे एमआयटीच्या लोकांनी एका चिपवर ५६ छोटे इंटरफेरोमीटर, म्हणजे प्रकाशाच्या दोन वाटा एकमेकींत मिसळणारे भाग, बसवून प्रकाशाकडून बोलण्यातले चार स्वर ओळखून घेतले. बरोबर आले ७६.७ टक्के, तेच काम साध्या कंप्यूटरवर ९१.७ टक्के. हा फरक कुठून आला ते बघ. प्रकाशाचा हिशेब अंकांत नसतो, तो उजेडाच्या कमी-जास्तपणात असतो, चिप जरा तापली किंवा एखादा भाग किंचित चुकीचा सेट झाला की उत्तर सरकतं.

आणि मोठी अडचण वेगळीच आहे. दोन टॉर्चचे झोत एकमेकांवर मारून बघ, काही होत नाही, दोघंही आपापल्या वाटेनं जातात. रंग एकमेकांना धक्का लावत नाहीत तो हाच गुण, पण कंप्यूटरचा स्विच म्हणजे एका सिग्नलने दुसऱ्याला अडवणं किंवा सोडणं, आणि प्रकाश दुसऱ्या प्रकाशाला अडवायला तयारच नाही. तो थांबवून ठेवणंही अवघड, म्हणजे मेमरीचा प्रश्न. म्हणून आजच्या बहुतेक रचनांत आकडे विजेत असतात, ते प्रकाशात बदलायचे, प्रकाशाने गुणाकार क्षणात करायचा, मग पुन्हा विजेत बदलायचे. एक्सप्रेसवेवर गाडी शंभरने आली आणि टोलनाक्यावर दोन्हीकडे लाईन लागली, तर प्रवासाचा वेळ शंभरवरून काढता येत नाही. म्हणून कोणी म्हणालं की आमची प्रकाशाची चिप इतके पट फास्ट, इतकी वीज वाचवते, तर विचारायचं, मधला बदलाबदलीचा खर्च धरून की सोडून? मला स्वतःला वाटतं की हे काम टिकणार, मोबाईल-लॅपटॉपची जागा घ्यायला नाही तर डेटा सेंटरमधे ठराविक कामांसाठी.

जाता जाता, तू फर्माचा नियम शिकशीलच, हवेतून पाण्यात जाताना प्रकाश वाकतो तो कमीत कमी वेळाच्या वाटेनं. वर ज्या आईंना रस्ता शोधायची पद्धत सांगितली तिच्याशी हे जवळून जुळतं, आणि रोबोसाठी वाट काढताना लाट पसरवून ती कुठे आधी पोचते ते बघण्याची पद्धत खरंच वापरतात. तेव्हा ते उत्तरही वाच.

प्रश्न: ताई, वय ३८, विजयनगरला एका ऑफिसात अकाउंट्स बघते. महिन्यात सात-आठ दिवस डोकं धरतं. आधी डोळ्यांपुढे नागमोडी चमकतं, मग अर्धं डोकं, मळमळ, उजेड सहन होत नाही. सासूबाई म्हणतात गोळ्या सोड, रोज ध्यान कर, त्यांच्या एका मैत्रिणीचं म्हणे पूर्ण बरं झालं. हे म्हणतात सगळं मनाचं आहे. ध्यानाने मायग्रेन जातं असं खरंच संशोधनात आहे का, आणि गोळ्या सोडू का?

उत्तर: गोळ्या स्वतःहून सोडू नका, आणि ध्यान करावंसं वाटत असेल तर नक्की करा. दोन्ही एकत्र चालतं. आता एकेक सांगते.

मनाचं नाही हे यजमानांना शांतपणे वाचून दाखवा. ते नागमोडी चमकणं, त्याला ऑरा म्हणतात, ते मेंदूत घडतं. कार्ल लॅशली नावाच्या मानसशास्त्रज्ञाला स्वतःला हा त्रास होता, त्याने प्रत्येक वेळी चमकणारी रेघ नजरेत कुठवर सरकली ते कागदावर काढून ठेवलं आणि १९४१ मधे हिशेब मांडला की मेंदूच्या मागच्या भागात काहीतरी मिनिटाला ३ मिलिमीटरच्या वेगाने सरकत असणार. १९४४ मधे लिआव यांना सशांच्या मेंदूवर अगदी अशीच हळू पसरणारी लाट दिसली. दुखण्यामागे सीजीआरपी नावाच्या प्रथिनाचा मोठा हात आहे, आणि नवी औषधं त्यालाच अडवणारी आहेत. बायकांमधे मायग्रेन पुरुषांच्या दोन-तीन पट आढळतं, आणि तरी घराघरात त्यांनाच ऐकावं लागतं की मनावर घेऊ नकोस, याचा मला मनापासून राग येतो.

आता ध्यान. माझ्या पाहण्यात सगळ्यात नीट केलेला अभ्यास अमेरिकेतल्या वेक फॉरेस्टच्या रेबेका वेल्स आणि सहकाऱ्यांचा, २०२१ मधे छापलेला. ८९ जण, बहुतेक बायका, महिन्याला साधारण सात दिवस मायग्रेन असणाऱ्या, म्हणजे अगदी तुमच्यासारख्या. चिठ्ठी टाकल्यासारखे दोन गट केले. एकाला आठ आठवडे ध्यान आणि हलकी योगासनं, आठवड्याला दोन तासांचा वर्ग आणि घरी रोजचा सराव, ही पद्धत जॉन कबॅट-झिन यांनी १९७९ मधे हॉस्पिटलच्या पेशंटसाठी सुरू केलेली. दुसऱ्या गटालाही आठ आठवडे तेवढाच वेळ, पण तिथे मायग्रेन काय असतं, कशाने उठतं, याची माहिती. १२ आठवड्यांनी ध्यानवाल्यांचे दुखण्याचे दिवस महिन्याला १.६ ने कमी झाले, माहितीवाल्यांचे २ ने. म्हणजे दिवसांच्या हिशेबात ध्यान काही जिंकलं नाही.

इथेच थांबलं तर सासूबाईंवर अन्याय होईल. त्याच लोकांना विचारलं की डोकेदुखीमुळे किती कामं अडली, मन किती खचलं, दुखायला लागलं की आता सगळं संपलं असं किती वाटतं, आपण हे सांभाळू शकू असा भरवसा किती, तर या सगळ्यांत ध्यानाचा गट पुढे होता आणि ते ३६ आठवड्यांपर्यंत टिकलं. शिवाय हातावर गरम चटका देऊन किती दुखतं ते विचारलं तेव्हा ध्यानवाल्यांनी आधीपेक्षा साधारण एक तृतीयांश कमी सांगितलं, दुसऱ्या गटात ते उलट थोडं वाढलं होतं. म्हणजे अटॅक तेवढेच येतील कदाचित, पण अटॅक तुमच्याकडून जे ओढून नेतो ते कमी होऊ शकतं. सात-आठ दिवस डोकं धरणाऱ्या बाईला हे काही छोटं नाही. मैत्रिणीचं पूर्ण बरं झालं असेलही, मायग्रेन वयाप्रमाणे कमी होतं, बऱ्याच जणींचं पाळी थांबल्यावर बरंच शांत होतं, एकीवरून ध्यानाचं श्रेय ठरवता येत नाही.

करायचं कसं, तर अटॅक नसलेल्या दिवशी सुरू करा, भर अटॅकमधे पहिल्यांदा बसू नका. पाठ टेकली तरी चालेल. श्वास नाकाशी लागतो तिथे लक्ष, ते ऑफिसच्या बॅलन्सशीटकडे जाणारच, गेलं हे कळलं की परत आणायचं, चिडायचं नाही. तेच परत आणणं म्हणजे सराव. पुढे कधी हलकं दुखायला लागेल तेव्हा बघा, एक असतं नुसतं ठणकणं, डाव्या कानशिलाला, इतकं इतकं, आणि दुसरं असतं आता उद्याची मीटिंग गेली, मुलाचा डबा राहिला, परत सगळे बोलणार. ही दोन वेगळी दिसायला लागली की त्रासाचा दुसरा भाग जरा ढिला पडतो. गोळी मात्र डॉक्टरांनी सांगितलीये तशी लवकर घ्या, ध्यानाने जातंय का बघू म्हणून उशीर केलात तर तिचा उपयोग कमी होतो.

आता गोळ्यांबद्दल सासूबाईंचं म्हणणं एका बाबतीत बरोबर आहे. दुखलं की घ्यायच्या गोळ्या फार झाल्या तर त्यांनीच डोकेदुखी वाढते. साध्या पेनकिलर महिन्यात १५ किंवा जास्त दिवस, ट्रिप्टान गटातल्या (खास मायग्रेनच्या) किंवा एकात दोन-तीन औषधं असलेल्या गोळ्या १० किंवा जास्त दिवस, असं तीन महिन्यांवर चाललं की हा धोका. तुम्ही एक डायरी ठेवा, कोणत्या दिवशी दुखलं, काय घेतलं, काय अडलं, झोप किती, पाळीची तारीख. ती घेऊन न्यूरॉलॉजिस्टकडे जा आणि रोज घ्यायच्या प्रतिबंधक औषधांबद्दल विचारा, महिन्यात इतके दिवस जाताहेत तर तो विषय काढायलाच हवा.

आणि हे विसरू नका, तुम्हाला ऑरा आहे, तेव्हा गर्भनिरोधक गोळी घेत असाल तर डॉक्टरांना लगेच सांगा. इस्ट्रोजेन असलेली गोळी आणि ऑराचं मायग्रेन मिळून मेंदूच्या झटक्याचा धोका वाढतो, त्याऐवजी दुसरे उपाय असतात. क्षणात उठलेली आयुष्यातली सगळ्यात भयंकर डोकेदुखी, ताप आणि मान आखडणं, हात-पाय लुळे पडणं किंवा बोबडी वळणं, यातलं काही झालं तर ध्यान नाही, डायरी नाही, सरळ इमर्जन्सीत जायचं.

प्रश्न: मायग्रेनला हिरवा उजेड चांगला म्हणतात, बेडरूमला हिरवा बल्ब लावू का?

उत्तर: २०१६ मधे हार्वर्डच्या संशोधकांनी अटॅक चालू असलेल्या लोकांना वेगवेगळ्या रंगांचा उजेड दाखवला. पांढरा, निळा, पिवळट, लाल यांनी दुखणं वाढलं, हिरव्याने सगळ्यात कमी, आणि मंद हिरव्याने काहींचं थोडं उतरलंसुद्धा. पण तो हिरवा फार अरुंद पट्ट्यातला होता, ५३० नॅनोमीटरच्या आसपासचा, मधे दुसरा रंग जवळजवळ नाही. बाजारातल्या हिरव्या बल्बमधे बाकीचे रंगही बरेचदा मिसळलेले असतात, त्यामुळे तोच परिणाम येईल याची खात्री नाही. बल्ब लावून बघायला हरकत नाही, नुकसान काही नाही, पण महागडे मायग्रेन-दिवे घ्यायच्या आधी अटॅकच्या वेळी पडदे लावून खोली अंधारी करा आणि मोबाईल बाजूला ठेवा, त्याला पैसे लागत नाहीत.